परदेशातल्या शाळेची ऑफर: पगाराचा आकडा बघण्याआधी काय बघायचं?

एका शिक्षिकेला एकाच आठवड्यात दोन इंटरनॅशनल शाळांकडून ऑफर आली असं समजा. पहिली शाळा महिन्याला ३,६०० डॉलर देते, दुसरी २,७००. विषय तोच, वर्ग तेच, करार दोन्हीकडे दोन वर्षांचा. बहुतेक जण डोळे झाकून पहिलीकडे वळतील. वर्षाअखेरीस मात्र पहिल्या शाळेत जेमतेम ८,००० डॉलर शिल्लक पडतात आणि दुसऱ्या शाळेत वीस हजारांच्या वर. हा चमत्कार नाही, साधी वजाबाकी आहे, आणि ती खाली मांडली आहे. पण तिथे पोचण्याआधी समोरची शाळा नक्की कोणत्या जातकुळीची आहे, हे बघावं लागतं.

'इंटरनॅशनल' ही पाटी कोण देतं?

कुणीच नाही. 'विद्यापीठ' किंवा 'बँक' असं नाव लावायला बहुतेक देशांत परवानगी लागते. 'इंटरनॅशनल स्कूल' या नावाला तसं जागतिक बंधन नाही. १९२४ साली जिनिव्हात पहिली अशी शाळा निघाली ती राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. आज त्याच नावाखाली पालकांच्या मंडळाने चालवलेली विनानफा संस्था सापडते, शेकडो कोटींची कंपनी सापडते, आणि एका बिल्डरच्या कुटुंबाने काढलेली शाळाही सापडते. पगाराची शिस्त, करार पाळण्याची सवय आणि तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं मालकीवरून ठरतं. म्हणून पहिला प्रश्न मालक कोण, हाच.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. मान्यता म्हणजे बाहेरच्या संस्थेने शाळा आतून तपासून दिलेला दाखला. कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स, अमेरिकेतल्या निआस्क आणि वास्क, ब्रिटिश शाळांसाठी कोबिस किंवा ब्रिटिश सरकारची 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज' तपासणी, ही नेहमी दिसणारी नावं. इथे शब्दांकडे नीट बघा. कौन्सिलची 'सदस्य शाळा' आणि 'मान्यताप्राप्त शाळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदस्यत्व ही पहिली पायरी. तसंच आयबीचं, म्हणजे १९६८ पासून चालू असलेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचं. 'कँडिडेट' शाळेने अर्ज केलेला असतो, 'ऑथोराइज्ड' शाळा मंजुरी मिळवून बसलेली असते. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की मिनिटाभरात खरं काय ते कळतं. माहितीपत्रकात आयबीचा लोगो आहे आणि त्या यादीत शाळा नाही, तर पुढे वाचायची गरज नाही.

पॅकेज नावाचं गाठोडं

पगार हा गाठोड्यातला एक जिन्नस. बाकीचे असे: घर किंवा घरभाडं, वर्षाचं विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, मुलांची फी, सामान नेण्याचा खर्च, निवृत्तीसाठीची भर, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, आणि व्हिसाचा खर्च. प्रत्येक जिन्नसाच्या पोटात एक बारीक अट असते.

घराचं बघा. 'घर दिलं जाईल' म्हणजे फर्निश्ड फ्लॅट की रिकाम्या चार भिंती? वीज-पाणी-इंटरनेट कुणाकडे? भत्ता असेल तर तो दर महिन्याला मिळतो की वर्षाचा एकदम? काही शहरांत घरमालक अनेक महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो, आणि भत्ता महिन्याने येत असेल तर ती रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. अशा वेळी शाळा बिनव्याजी उचल देते का, हे विचारायला हवं.

विम्यात फक्त दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च आहे की साध्या तपासणीचाही? आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब धरला जातो का? बाळंतपणाला किती महिने थांबावं लागतं? सुट्टीत मायदेशी गेल्यावर विमा चालतो का? हे चार प्रश्न एचआरला विचारायचे आणि उत्तराबरोबर पॉलिसीचा कागद मागायचा. 'फुल मेडिकल' या दोन शब्दांवर समाधान मानणारे नंतर दाताच्या बिलाकडे बघत बसतात.

विमान तिकिटाचं तर फारच मजेशीर असतं. कुठे प्रत्यक्ष तिकीट मिळतं, कुठे ठरावीक रक्कम, कुठे फक्त कराराच्या सुरुवातीला आणि शेवटाला. दोन वर्षांच्या करारात मधल्या उन्हाळ्याचं तिकीट कुणाचं, हे लिहिलेलं नसलं तर ते तुमचं.

आता ती वजाबाकी

पहिली शाळा: ३,६०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ४३,२००. कर आणि सामाजिक सुरक्षेची कपात मिळून २२ टक्के धरली तर ९,५०४ गेले, हातात ३३,६९६. घर स्वतःचं, भाडं महिन्याला १,००० म्हणजे १२,०००. विम्याची वरची भर १,८००, मायदेशी जाण्याचं तिकीट १,२००. रोजचा खर्च महिन्याला ९०० धरला तर १०,८००. उरले ७,८९६.

दुसरी शाळा: २,७०० गुणिले १२ म्हणजे ३२,४००. त्या देशात पगारावर कर नाही. फ्लॅट, विमा, तिकीट शाळेचं. शहर महाग म्हणून रोजचा खर्च १,००० धरला तर १२,०००. उरले २०,४००.

आकडे उदाहरणादाखल आहेत, रचना मात्र हीच. ऑफर आली की या सहा ओळी कागदावर मांडायच्या, आणि 'पगार किती' ऐवजी 'उरतात किती' हा रकाना शेजारी शेजारी ठेवायचा. आता घरात दोन शाळकरी मुलं आहेत असं धरा. दुसरी शाळा एका मुलाची पूर्ण फी माफ करते, दुसऱ्याची निम्मी, आणि फी वर्षाला १२,००० आहे. मग उरलेल्यातून ६,००० वजा, म्हणजे १४,४००. काही देशांत फीमाफी हे उत्पन्न समजून त्यावर कर लागतो, तो वेगळा. सोबत येणाऱ्या जोडीदाराला कौटुंबिक व्हिसावर नोकरी करता येते का, याचं उत्तरही देशागणिक बदलतं.

'करमुक्त' ऐकून थांबू नये. तिथे कर नाही म्हणजे तुमच्या देशातही नाही, असं होत नाही. अमेरिकी नागरिकाला जगात कुठेही कमावलं तरी मायदेशी विवरणपत्र भरावंच लागतं. बहुतेक देश तुम्ही वर्षात किती दिवस कुठे राहिलात यावर निवासी ठरवतात. ऑगस्टमध्ये निघणाऱ्याचं पहिलं वर्ष दोन देशांत विभागलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. मलेशियात वर्षातले १८२ दिवस भरले नाहीत तर तुम्ही अनिवासी ठरता आणि सरसकट ३० टक्के कर बसतो. ऑगस्टमध्ये रुजू होणाऱ्याचे डिसेंबरपर्यंत तेवढे दिवस भरतच नाहीत. आधीची-नंतरची सलग वर्षं जोडून घेण्याची सोय आहे, पण ती कशी मिळवायची हे शाळेच्या हिशेब विभागाला आधी विचारलेलं बरं. पहिल्या काही महिन्यांचा पगार अपेक्षेपेक्षा बराच कमी आला की लोक शाळेला दोष देतात, कारण हे असतं.

बेसिकची मेख

पगार साधारणपणे दोन भागांत मोडलेला असतो: मूळ पगार, म्हणजे बेसिक, आणि भत्ते. दोघांची बेरीज तीच राहिली तरी विभागणीने फरक पडतो, कारण ग्रॅच्युइटी बऱ्याच ठिकाणी फक्त बेसिकवर मोजतात.

संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण घ्या. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार एक वर्ष सेवा पूर्ण केली की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार मिळतो, पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापलीकडे जात नाही. आता २,७०० मधले सगळेच बेसिक असतील तर वर्षाला १,८९० जमतात. शाळेने बेसिक १,६२० ठेवून बाकीचे भत्ते केले असतील तर १,१३४. दोन वर्षांच्या करारात फरक १,५१२ डॉलरचा. सौदी अरेबियात नियम वेगळा: पहिल्या पाच वर्षांना अर्धा महिना, नंतर पूर्ण महिना, आणि स्वतःहून राजीनामा दिला तर सेवेच्या वर्षांप्रमाणे रक्कम कापली जाते. म्हणून ऑफरमध्ये बेसिकचा आकडा वेगळा दाखवलेला नसेल तर तो मागून घ्या.

पगार कोणत्या चलनात?

दिरहॅम, सौदी रियाल, कतारी रियाल ही चलनं डॉलरला बांधलेली आहेत. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम हा दर १९९७ पासून हललेला नाही. सगळीकडे असं नाही. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने आपलं चलन मोकळं सोडलं आणि एका दिवसात डॉलरचा भाव सुमारे ३१ पौंडांवरून ५० च्या आसपास गेला. ज्यांचा पगार इजिप्शियन पौंडात होता त्यांचं डॉलरमधलं उत्पन्न दुपारपर्यंत तिसऱ्या हिश्शाहून जास्त आटलं. शेजारच्याच वर्गात डॉलरने पगार घेणाऱ्याला मात्र बाजार स्वस्त झाला. करारात तीन गोष्टी बघा: रक्कम कोणत्या चलनात ठरली, कोणत्या चलनात मिळणार, आणि दर कोणत्या तारखेचा. 'डॉलरमध्ये ठरलेला, स्थानिक चलनात मिळणारा, दर शाळा ठरवणार' असं वाक्य दिसलं तर तिथेच बोट ठेवावं.

शाळा पगार जाहीर करत नसेल तर?

अंदाज बांधायला सामान उघड्यावर पडलेलं असतं. शाळेची फी बहुतेक वेळा संकेतस्थळावर असते. फी गुणिले विद्यार्थी म्हणजे ढोबळ उत्पन्न. भावंडांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सवलतीपोटी थोडं वजा करा. शाळेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. आठशे विद्यार्थी, सरासरी फी ६,००० आणि शंभर शिक्षक असतील, तर एका शिक्षकामागे शाळेला ४८,००० मिळतात. त्यातून इमारत, इतर कर्मचारी, विमा, घर आणि मालकाचा नफा भागवायचा आहे. अशी शाळा ४५,००० पगार आणि वर घर देऊ म्हणाली, तर एक तर विद्यार्थ्यांचा आकडा फुगवलेला आहे किंवा आश्वासन.

अमेरिकी परराष्ट्र खात्याचं ऑफिस ऑफ ओव्हरसीज स्कूल्स ज्या शाळांना मदत करतं, त्या प्रत्येकीचं माहितीपत्रक जाहीर करतं. त्यात विद्यार्थी, शिक्षक, त्यांचे देश, फी आणि पैसा कुठून येतो हे एका पानात मिळतं. अमेरिकेत करमुक्त संस्था म्हणून नोंदलेल्या काही शाळांचा वार्षिक फॉर्म ९९० सार्वजनिक असतो. पगारावरचा एकूण खर्च आणि प्रमुखाचा पगार त्यात दिसतो. दुबईच्या पाहणी अहवालांत तर शिक्षक सोडून जाण्याचं प्रमाणही टक्क्यांत छापलेलं असतं. फक्त अहवालाची तारीख बघून घ्या, जुना असू शकतो. सर्च असोसिएट्ससारख्या भरती एजन्सीच्या उमेदवारांना शाळेच्या नोंदीत पगार आणि घराचे तपशील दिसतात. ते शाळेनेच भरलेले असतात एवढं ध्यानात ठेवायचं.

मोठ्या शाळांत वेतनश्रेणीचा तक्ता असतो: आडव्या रकान्यात पदवी, उभ्यात अनुभवाची वर्षं. तो मागा. आणि विचारा की अनुभवाची किती वर्षं धरता. अठरा वर्षं शिकवलेल्या माणसाला शाळा आठच मोजून देत असेल, तर तक्त्याच्या तळाचे आकडे त्याच्या कामाचे नाहीत.

शिक्षक टिकतात का?

माझ्या मते हा सगळ्यांत बोलका पुरावा, आणि तो घरबसल्या मिळतो. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शाळेच्या 'आमचे शिक्षक' या पानाची दोन वर्षांपूर्वीची प्रत उघडा. नावं उतरवून घ्या, आजच्या पानाशी ताडून बघा. तेव्हाच्या साठांपैकी आज चाळीस असतील तर ठीक. लोक दोन वर्षांच्या करारावर येतात, थोडे जाणारच. वीसच उरले असतील तर कारण शोधायलाच हवं. त्यातही मुख्याध्यापक आणि विभागप्रमुख बघा. तीन वर्षांत तीन मुख्याध्यापक झाले असतील, तर मुलाखतीत तुम्हाला वचन देणारा माणूस तुम्ही पोचेपर्यंत तिथे असेल का, हाच प्रश्न आहे.

मग सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांना लिंक्डइनवर गाठा. 'शाळा कशी आहे' असं विचारू नका, उत्तर गोलमोल येतं. विचारा: पगार ठरल्या तारखेला व्हायचा का? ग्रॅच्युइटी आणि डिपॉझिट परत मिळायला किती दिवस लागले? आठवड्याला प्रत्यक्ष किती तासिका होत्या? ऑनलाइन अभिप्राय वाचताना तारीख आणि तपशील असलेले तेवढेच धरा. नुसता राग आणि नुसतं कौतुक, दोन्ही बाजूला ठेवा.

भरती कधी होते?

शाळा ऑगस्टमध्ये सुरू होत असेल तर भरतीची चाकं आदल्या ऑक्टोबरातच फिरू लागतात. तेव्हा शाळा आपल्या शिक्षकांकडून पुढच्या वर्षी थांबणार की जाणार हे लेखी घेते, आणि जागा कळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. बँकॉक आणि लंडनचे भरती मेळावे जानेवारीच्या सुमारास भरतात, बाकी मुलाखती व्हिडिओवर. मे-जूनमध्ये निघालेली जागा वाईटच असते असं नाही, व्हिसा अडकल्यामुळेही निघते. पण 'ही जागा का रिकामी झाली' हे विचारायचंच. ऑफर आली की दोन-तीन दिवसांत होकार मागतात, म्हणून वरचा सगळा अभ्यास मुलाखतीच्या आधी झालेला हवा. होकार देऊन मागे फिरलात तर एजन्सी पुढे नाव चालवत नाही.

"पैशांचं विचारलं तर वाईट दिसतं"

पहिल्या दहा मिनिटांत विचारलं तर दिसेल. दुसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा ऑफर आल्यावर ईमेलने विचारणं हा धंद्याचा रिवाज आहे. वाक्य साधं ठेवा: 'निर्णय घेण्याआधी मला वेतनश्रेणीचा तक्ता, विमा पॉलिसीचा सारांश आणि कराराचा नमुना पाठवाल का?' तिन्ही पाठवणारी शाळा तुमच्याकडे गंभीरपणे बघते. 'आल्यावर सगळं समजावू' म्हणणारीने तिचं उत्तर देऊन टाकलेलं असतं.

"पासपोर्ट बघून पगार ठरवतात म्हणे"

काही ठिकाणी ठरवतात, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: सरकारचा नियम आणि शाळेची आवड. दक्षिण कोरियात इंग्रजी भाषा शिकवण्याचा ई-२ व्हिसा ठरावीक इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टला मिळतो; तिथल्याच परदेशी शाळेत गणित शिकवणाऱ्याचा रस्ता ई-७ व्हिसाचा आहे. म्हणजे एका देशात एकीकडे बंद असलेलं दार विषय बदलला की उघडं असू शकतं. शाळा 'व्हिसा मिळत नाही' म्हणाली तर कोणत्या प्रकारचा, ते विचारा. नियम असेल तर प्रकाराचं नाव लगेच सांगतील.

दुसरी वाटणी 'ओव्हरसीज हायर' आणि 'लोकल हायर' अशी असते. परदेशातून आणलेल्याला घर-तिकीट, तिथेच राहणाऱ्याला नुसता पगार. जोडीदाराच्या व्हिसावर आधीच तिथे असाल तर दुसऱ्या खात्यात जाल. तुमची गणना कशात, हे ऑफरवर लिहून घ्या.

पात्रतेतही एक फसगत आहे. पीजीसीई-आय ही शैक्षणिक पदविका आहे, शिक्षकाचा परवाना नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने आणलेला आय-क्यूटीएस हा पात्रतेचा मार्ग वेगळा. नावं सारखी वाटतात, आणि परवाना मागणारी शाळा पहिलं प्रमाणपत्र परत करते.

"टुरिस्ट व्हिसावर या, इथे बदलून घेऊ"

नको. चीनमध्ये कामासाठी झेड व्हिसा लागतो आणि आल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. विनापरवाना काम केल्यास तिथल्या कायद्यात ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही. ही शिक्षा शिक्षकाला होते. मूळ पासपोर्ट 'सांभाळायला' मागणारी शाळा, नोकरीआधी 'प्रक्रिया शुल्क' मागणारा एजंट, फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं ऑफर लेटर, यांनाही याच दारातून बाहेर काढावं.

कागदपत्रांना वेळ लागतो. पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का, घ्यावा लागतो. चीन या करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला. करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीची वेगळी फेरी असते. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि पदवीवर दुसरं असेल तर गाडी इथेच अडते.

सही करण्याआधी

प्रोबेशन किती महिन्यांचं (अमिरातीत कायद्याने कमाल सहा), त्या काळात काढलं तर परतीचं तिकीट कोण देणार, मध्येच सोडलं तर काय परत करावं लागेल, तासिकांची कमाल संख्या, आणि 'शाळा सांगेल ती इतर कामं' या वाक्याची हद्द, हे वाचून घ्या. करार दोन भाषांत असेल तर कोर्टात कोणती भाषा चालते हे बघा; बऱ्याचदा स्थानिक भाषेतली प्रत ग्राह्य धरतात. पगार दहा महिन्यांत वाटलाय की बारा, आणि पहिला कधी, हेही बघा. ऑगस्टच्या मध्यावर रुजू झालेल्याचा पहिला पूर्ण पगार सप्टेंबरअखेर येऊ शकतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च खिशात ठेवून निघावं.

शाळाही तुमची चौकशी करते. बालसुरक्षेचे नियम गेल्या दशकात कडक झाले आहेत. थेट वरिष्ठांचे गोपनीय रेफरन्स आणि जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला मागतात. देश सोडल्यानंतर तो दाखला दुसऱ्या खंडातून मिळवायचा तर बोटांचे ठसे, वकिलात आणि टपाल यांत महिने जातात. म्हणून निघण्याच्या शेवटच्या महिन्यात, सामान बांधायच्या आधी, तो अर्ज करून टाका.